एका कान्याची चूक

शाळेत मी मराठी शिकवत होते. त्यातला निम्मा वेळ तरी लाल पेनानं काने देण्यात गेला असेल. पोरी 'पाणी'चं 'पणी' करायच्या, 'माळ'चा 'मळ' करायच्या, आणि मी वहीच्या कडेला लिहायची, 'काना कुठे गेला? कान उघडे ठेवा.' या विनोदावर वर्गात कुणी हसत नसे, मी मात्र दरवर्षी तो नव्यानं करत असे. पुढं माझ्या आईच्या बाबतीत मी स्वतःच एक काना खाल्ला. त्या गोष्टीला आता खूप वर्षं झाली तरी तिचा विषय निघाला की माझं डोकं सणकतं. आधी डॉक्टरांचा राग येतो, मग भावाचा, मग अव्वाचा, म्हणजे आईचाही येतो. सगळ्यांचा येऊन झाला की शेवटी माझाच उरतो.

बहात्तरच्या दुष्काळानंतर तीन-चार वर्षांनीची गोष्ट. आम्ही लिंगायत. वडील गेल्यावर सोलापुरात अव्वा आणि मी अशा दोघीच राहत होतो. अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, दुधनीला आडतीच्या धंद्यात होता. मी लग्न केलं नव्हतं आणि ते का केलं नाही हे विचारायची आता कुणाची हिंमत होत नव्हती. घरात आमचं कानडी. दोघीच असताना अव्वा माझ्याशी जन्मात कधी मराठी बोलली नाही. दाराबाहेर पाऊल टाकलं की मात्र ती मराठी बोलायची, कारण शेजारीण विणकराच्या घरची. तिच्या घरात दिवसभर माग खडखडायचा आणि माणसं तेलुगू बोलायची. एक कानडी, एक तेलुगू, आणि दोघींच्या गप्पा मराठीत. दोघींनीही शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. त्यांच्या मराठीवर मी मनातल्या मनात लाल खुणा करत असे.

अव्वाचं रोजचं एक ठरलेलं होतं. सकाळी अंघोळ झाली की देवापुढं घोंगडीची घडी टाकायची, तिच्यावर मांडी घालून ताठ बसायचं, गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायचं आणि पूजा करायची. अर्धा तास. तेवढ्या वेळात घराला आग लागली असती तरी ती उठली नसती. बाकी तिला कशाचीच हौस नव्हती. "माझं काय बी करा," ती म्हणायची, "पर तितं मला माझी मी बसू द्या."

त्या दिवशी माझी शाळा सकाळची होती. दुपारी घरी आले तर दारात चार चपला. अव्वा न्हाणीच्या तोंडाशी ओल्या शहाबादीवर घसरली होती. शेजारणीनं आणि तिच्या जावेनं मिळून तिला उचलून खाटेवर निजवलं होतं. अव्वाचा चेहरा पिठासारखा पांढरा. मला बघून ती म्हणाली, "मांडी... मांडी..."

इथं मला थांबून एक शब्द समजावून सांगायला हवा. सांगायची लाज वाटते, पण त्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. मराठीत मांडी म्हणजे मांडी, गुडघ्याच्या वरची. आमच्या कानडीत मंडी म्हणजे गुडघा. मांडीला आम्ही तोडी म्हणतो. अव्वा माझ्याशी कानडीशिवाय बोलत नसे, म्हणून मी कानडी ऐकलं. गुडघा गेला. पण खाटेजवळ शेजारीण उभी होती, आणि ती असली की अव्वा मराठी बोलायची. तिच्या देखत आपल्या भाषेत कुजबुजणं अव्वाला वाईट दिसायचं. मी शाळेतून तापून आले होते, घाबरले होते, आणि मला सगळं कळतं अशी माझी तेव्हा समजूत होती.

आमचे नेहमीचे डॉक्टर आले.

"काय झालं आजी?"

"गुडघ्यावर पडली," मी सांगून मोकळी झाले.

"मांडी, मांडी," अव्वा म्हणाली.

"तेच सांगतेय ना मी. सुम्म कुंद्र."

सुम्म कुंद्र म्हणजे गप्प बस. आमच्या घरात ते दिवसातून दहादा कुणीतरी कुणाला तरी म्हणायचं. त्यात काही विशेष नव्हतं.

शेजारीण दारातून म्हणाली, "बाई, त्या मांडी म्हणतेत. वरची."

"ते कानडी आहे," मी म्हणाले. "मंडी म्हणजे गुडघा. तुम्हाला नाही कळायचं ते."

ती दारातून मागं सरकली. बाईंना कोण शिकवणार! डॉक्टरांनी लुगडं गुडघ्यापर्यंत सरकवलं आणि पाय जरा वाकवून पाहिला. अव्वा ओरडली. डॉक्टरांनी माझ्याकडं बघून मान हलवली, म्हणजे जागा सापडली. परक्या पुरुषासमोर अव्वा मांडीवर हात ठेवून दाखवणं शक्यच नव्हतं. तिचा हात लुगड्यावरून गुडघ्याशीच घुटमळत होता. खुब्याचं दुखणं कधीकधी गुडघ्यात उतरतं हे मला नंतर कळलं. डॉक्टरांना ते तेव्हा आठवायला हवं होतं असं मला वाटतं. पण त्यांना गुडघा कुणी सांगितला होता?

गुडघ्याचा फोटो काढला. फोटोत गुडघा चांगला निघाला. शेक द्या, पट्टी बांधा, वाताच्या गोळ्या. मी जीव तोडून सेवा केली, हे मी आजही छाती ठोकून सांगेन. विटकर तापवून फडक्यात गुंडाळून शेकलं, तेल लावलं, पट्टी इतकी झकास बांधली की शाळेतल्या पी.टी.च्या बाईंनी बघायला यावं. आणि तिला चालवलं. बसून राहिली तर गुडघा धरेल म्हणून सकाळ-संध्याकाळ भिंतीला धरून चालवलं. ती ओठ चावत चालायची. पाऊल बाहेर वळायचं तर मी म्हणायची, "पाय सरळ टाक की." तिच्या इरकलीचा काठ उजव्या बाजूला जमिनीवर लोळायचा, कारण तो पाय आखूड झाला होता. मी तिला लुगडं नीट नेसायला सांगितलं. एकदा तर खाली बसून मीच तो काठ वर खोचला.

पहिले सात-आठ दिवस ती मांडी मांडी करत राहिली. मग तिनं म्हणणं सोडलं. मला वाटलं, उतार पडतोय.

बाविसाव्या दिवशी ती उठलीच नाही. पाय उचलायला सांगितला तर नुसती माझ्याकडं बघत राहिली. शेजारणीच्या नवऱ्यानं टांगा आणला आणि आम्ही तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथले हाडांचे डॉक्टर तरुण होते आणि सतत घाईत असल्यासारखे दिसायचे. त्यांनी पांघरूण काढलं, दोन्ही पावलं शेजारी शेजारी ठेवून पाहिली आणि हात न लावताच म्हणाले, "खुबा मोडलाय. कधी पडल्या?"

मी सांगितलं.

"बावीस दिवस?" त्यांनी चष्मा काढला. मग अव्वाकडं वाकून विचारलं, "आजी, दुखतंय कुठं?"

"मांडी," अव्वा म्हणाली. आता तिची लाज सरली होती. हात मांडीवरून सरकत सरकत वर खुब्यापर्यंत गेला. "हितं. लई दुखतंय."

मराठी होतं ते. स्वच्छ मराठी. मांडीतला काना मला त्या खोलीत पहिल्यांदा ऐकू आला.

"मग हा गुडघ्याचा फोटो कुणी काढायला सांगितला?" डॉक्टरांनी माझ्या हातातलं पाकीट घेऊन विचारलं.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण अव्वा माझ्याआधी बोलली. "मीच म्हणलं गुडगा म्हनून. म्हातारीचं डोस्कं, डॉक्टर. पडल्यालं, कळंना कायबी."

मी तोंड मिटलं. ते तसंच मिटलेलं राहिलं.

खुब्याचा नवा फोटो काढला, तो डॉक्टरांनी उजेडाला धरून दाखवला. मांडीचं हाड वर जाऊन मान वळवतं आणि त्याच्या टोकाला एक गोळा असतो, तो कमरेच्या वाटीत फिरतो. मान तुटली होती. "त्याच आठवड्यात आणलं असतं तर खिळा मारून सांधलं असतं," ते म्हणाले. "हाड त्यांचं त्यांना राहिलं असतं. आता चालून चालून सरकलंय. गोळ्याचं रक्त तुटलंय. तो काढायचा आणि तिथं पोलादी गोळा बसवायचा." चालून चालून हे शब्द त्यांनी सहज म्हटले. चालवलं कुणी, हे त्यांनी विचारलं नाही.

गोळा पुण्याहून यायचा होता, तोही मापाचा. त्याची वाट बघत अव्वा खाटेवर पडून राहिली. पायाला दोरी, दोरीला वजन, खाटेच्या पायथ्याखाली विटा. आज येतो, उद्या येतो. मी शाळा करून रोज दवाखान्यात जायची, आणि रोज कुणाशी तरी भांडून घरी यायची. वॉर्डबॉयशी भांडले, पाण्यावरून भांडले, गोळ्याचं माप पुन्हा विचारायला आलेल्या क्लार्कशी भांडले. अण्णा दुधनीहून आला, सगळं ऐकून घेतलं आणि खाटेशी उभा राहून अव्वालाच म्हणाला, "तुला धड मराठी येत नाही तर कशाला मराठीत सांगायला गेलीस? हिला कानडीत सांगायचंस. हिला कळलं असतं की."

मी खिडकीपाशी मोसंबी सोलत होते. सोलत राहिले.

अण्णा चहाला गेल्यावर मी अव्वाला म्हणाले, "मी सांगते त्याला."

"काय सांगतीस? माझी लेक शाळंत मराठी शिकवती म्हनून मी साऱ्या पेठंत सांगत फिरलीय." आमचं हे बोलणं अर्थात कानडीत झालं. इथं मी ते तिच्या मराठीत लिहिलंय, कारण त्या मराठीला नावं ठेवायचा अधिकार आता माझ्याकडं उरलेला नाही.

अखेर गोळा आला. ऑपरेशनच्या सकाळी सिस्टर म्हणाल्या, अंगावरचं सगळं काढा. बांगड्या निघाल्या, कानातलं निघालं. गळ्यातलं लिंग काढायला अव्वा तयार होईना. पूजेपुरतं ते गळ्यातून तळहातावर येई, पण अंगावेगळं ते कधीच व्हायचं नाही, असं आमच्यात मानतात. माणूस गेला की तेही त्याच्याबरोबरच मातीत जातं. सिस्टर म्हणाल्या, नियम आहे. अव्वा म्हणाली, मग ऱ्हाऊ द्या तुमचा गोळा. मी मध्ये पडले आणि पहिल्यांदा सिस्टरवर ओरडले, मग अव्वावर ओरडले, मग दोघीही माझ्यावर ओरडल्या. शेवटी डॉक्टर बाहेर आले. कशावरून चाललंय ते त्यांनी ऐकलं. आत जाऊन उकळलेलं कापड आणि पट्टी घेऊन आले, लिंग त्यात गुंडाळलं, अव्वाच्या डाव्या तळहातावर ठेवलं आणि मुठीवर पट्टी बांधून टाकली. "आता चालेल?" अव्वानं मान हलवली. इतकं सोपं होतं ते! आधी नीट ऐकून घेतलं होतं, एवढंच. मला त्याचाही राग आला.

कमरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर केला होता, म्हणून आतलं सगळं तिच्या कानावर पडत होतं. बाहेर आणल्यावर तिचे पहिले शब्द हे होते, "दवाखाना म्हणून सुताराकडं आणलंस की मला. ठोकाठोकी ठोकाठोकी." मी हसले आणि हसता हसता भोकाड पसरलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईला वाटलं, अव्वा गेली.

ऑपरेशन चांगलं झालं होतं. पाय सरळ झाला, पुन्हा दुसऱ्याइतका लांब झाला. लाकडी वॉकर धरून ती उभी राहिली तेव्हा लुगड्याचा काठ दोन्हीकडं सारखा पडला, आणि मी त्या काठाकडंच बघत होते. घरी जायच्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "आजी, आता सगळं करा. फक्त उकिडवं बसायचं नाही, खाली बसायचं नाही आणि मांडी घालायची नाही."

"किती दिवस?" अव्वानं विचारलं.

"कधीच नाही. गोळा निसटेल."

"खिळा मारला असता तर?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"हाड नीट सांधलं असतं तर कदाचित बसता आलं असतं," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या खाटेकडं गेले.

अव्वाच्या तळहातावरची पट्टी केव्हाच सुटली होती, लिंग गळ्यात होतं. ती ते नुसतं चाचपत राहिली.

घरी आल्यावर खुर्च्यांचं प्रकरण सुरू झालं. एका खुर्चीची बैठक मधोमध कापून घेतली, ती संडासात गेली. दुसरी, उंच, हातांची, पूजेसाठी. पहिली तिनं शिव्या घालत वापरली, दुसरीला शिवेना. देवापुढं खुर्ची टाकून बसायला मी काय मामलेदार आहे का, म्हणे. दोन महिने तिनं पूजा खाटेवर निजून, छातीवर तळहात धरून केली, आणि रोज पूजेनंतर चिडचिड केली. मी समजावलं, रुसले, ओरडले. एकदा शाळेतून लवकर आले तर ती देवापुढं वॉकर धरून हळूहळू खाली वाकत होती. घोंगडीची घडी टाकलेली. मी धावत जाऊन तिला काखेत धरलं आणि तोंडाला येईल ते बोलले. तुला कळत नाही का, तुला मरायचंय का, किती जणांना कामाला लावायचंय अजून. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "एकडाव बसून बघनार हुते. एकडाव."

मी तिला उंच खुर्चीवर बसवलं. तिच्यासमोर उभी राहून मी म्हणाले, "माझ्यामुळं गेली तुझी मांडी."

तिनं खाली पडलेल्या घोंगडीकडं बोट केलं. मी ती उचलून दिली. तिनं ती खुर्चीवर आपल्या खाली सारून घेतली, दोन्ही पाय जमिनीवर टेकवले, आणि म्हणाली, "बेल आन." त्या दिवसापासून ती खुर्चीवर पूजा करू लागली.

पुढच्या वर्षी अण्णाच्या सासरची माणसं, घरात मराठीच बोलणारी, वळसंगहून आमच्याकडं जेवायला आली. पंगत खाली बसली होती. अव्वा भिंतीशी आपल्या उंच खुर्चीवर, मांडीवर ताट घेऊन. मी भाकरी वाढत होते. पोलादी गोळ्याची गोष्ट निघाली, ती निघायचीच. अण्णानं सगळी सांगितली, आता त्याला ती पाठ झाली होती. "आमच्या अव्वाचं मराठी!" तो म्हणाला. "मोडला खुबा आणि सांगितला गुडघा! बावीस दिवस गुडघ्याला तेल चोळत होती ही बिचारी." सगळे हसले. अव्वाही हसली, पदर तोंडाला लावून, अगदी खरं असल्यासारखी.

माझ्या हातातली भाकरी परातीत पडली. "अण्णा, तसं नाही झालं," मी म्हणाले. माझा आवाज वर्गातला लागला होता, सगळे वळून बघायला लागले. "अव्वा बरोबर सांगत होती. मी..."

"सुम्म कुंद्र," अव्वा म्हणाली.

वरच्या आवाजात नाही. मी तिला म्हटलं होतं तसंच, सहज. पण तिची नजर माझ्यावरून हलली नाही. मग पाहुण्यांना कळावं म्हणून ती मराठीत म्हणाली, "सकाळधरनं उभी हाय पोर. बस की गं. जेव."

अण्णानं आमटी मागितली. त्याच्या बायकोनं माझ्या हातातून परात घेतली आणि सरकून माझ्यासाठी जागा केली. तिथं पाट मांडलेला होता.

मी बसले. मांडी घालून.